इरावतीबाई कर्वे आणि नात्यांच्या रेघा

(द्वितीय वर्ष कला)

मुलीला नदीचे नाव द्यावे ही आपल्याकडची जुनी चाल. आमच्या खानदेशात तापीबाई गावोगाव भेटतात. गोदावरी, कृष्णा, नर्मदा ही नावेही कोणाला परकी वाटत नाहीत. परंतु १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात एका मराठी कुटुंबात जी मुलगी जन्मली, तिला आईवडिलांनी तिथल्याच मोठ्या नदीचे नाव दिले. वडील गणेश हरी करमरकर कामानिमित्त त्या देशात राहत होते. हीच मुलगी पुढे डॉ. इरावती कर्वे या नावाने विख्यात झाली.

आपल्यापैकी बहुतेकांना इरावतीबाई माहीत असतात त्या ‘युगान्त’मुळे. महाभारतातील व्यक्तींवरचे हे पुस्तक १९६७ साली निघाले आणि १९६८ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार त्याला मिळाला. मराठीच्या तासाला कुंती आणि द्रौपदी यांच्याबद्दल आपण बोलतो तेव्हा त्यांचे नाव निघतेच. मला मात्र त्यांच्याकडे नेले ते दुसऱ्या वाटेने, आणि ती वाट संगणकाच्या एका प्रश्नातून निघाली. तो प्रश्न पुढे येईलच. आधी त्यांचे चरित्र सांगते.

वयाच्या सातव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेच्या वसतिगृहात ठेवण्यात आले. तिथे शकुंतला परांजपे यांच्याशी मैत्री झाली आणि त्या मैत्रीतून फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य रँग्लर परांजपे यांचे घर त्यांना दुसऱ्या माहेरासारखे झाले. पुस्तकांनी भरलेले ते घर होते. १९२६ साली तत्त्वज्ञान घेऊन त्या पदवीधर झाल्या. पुढे मुंबई विद्यापीठात डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा अभ्यास करून १९२८ साली त्यांनी एम. ए. केले. रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी त्यांचा विवाह झाला, म्हणजे त्या महर्षी कर्वे यांच्या सूनबाई झाल्या. स्त्रीशिक्षणासाठी हयात वेचलेल्या सासऱ्यांना सुनेने परदेशी शिकायला जाणे फारसे रुचले नव्हते, ही गोष्ट मला चमत्कारिक वाटते. पती मात्र पाठीशी उभे राहिले आणि १९२८ च्या अखेरीस इरावतीबाई बर्लिनला पोचल्या.

तिथल्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत ओयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक. माणसाच्या कवटीची उजवी आणि डावी बाजू अगदी सारखी नसते. या फरकाचा वंशाशी संबंध आहे आणि त्यात गोऱ्या वंशाचे वेगळेपण दिसेल, अशी फिशर यांची धारणा होती. हाच विषय त्यांनी आपल्या हिंदी विद्यार्थिनीला दिला. इरावतीबाईंनी निरनिराळ्या वंशांच्या कवट्या मोजल्या आणि असा काही संबंध आढळत नाही, असे प्रबंधात लिहून टाकले. परका देश, परकी भाषा, पदवी त्याच गुरूच्या हातात! हिटलर सत्तेवर यायला तेव्हा जेमतेम तीन वर्षे उरली होती, आणि फिशर पुढे त्याच राजवटीच्या वंशशास्त्राचे एक आधारस्तंभ झाले. ही हकीकत त्यांच्या चरित्रात सोन्याच्या अक्षरांनी लिहावी अशी आहे. १९३० साली डॉक्टरेट घेऊन त्या परत आल्या.

काही वर्षे त्यांनी श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात कुलसचिव म्हणून काम केले. कार्यालयातील कामात त्यांचे मन रमणे कठीणच होते. १९३९ साली त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि अखेरपर्यंत तिथेच राहिल्या. मोजमापाची उपकरणे बरोबर घेऊन त्या खेड्यापाड्यांत, डोंगरात हिंडल्या. पश्चिम खानदेशातील भिल्लांच्या सामाजिक व आर्थिक पाहणीवर त्यांचे स्वतंत्र पुस्तक आहे. पश्चिम खानदेश म्हणजे आजचे धुळे आणि नंदुरबार हे दोन जिल्हे; आपले पिंपळनेर आणि त्याच्या पश्चिमेचे डोंगरपाडे त्यातच आले.

डोके, नाक, उंची मोजून एकेका माणसाची माहिती मिळते. परंतु हा माणूस त्या माणसाचा कोण, हे कोणत्याही पट्टीने मोजता येत नाही. ते विचारावेच लागते. कसे विचारायचे याची एक रीत इंग्रज शास्त्रज्ञ रिव्हर्स यांनी १८९८ च्या टोरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेपासून घालून दिलेली होती. आई, बाप, मूल, नवरा, बायको एवढेच मोजके शब्द वापरून एकेकाची वंशावळ लिहून घ्यायची आणि बाकीची सारी नाती त्यातून काढायची. इरावतीबाईंनी या वाटेने भारतभरच्या नात्यांचा धांडोळा घेतला. वेदांतले आणि महाभारतातले नात्यांचे शब्द पाहिले, निरनिराळ्या प्रांतांतल्या बोलींतले शब्द गोळा केले. त्यातून १९५३ साली ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ हा ग्रंथ झाला. उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे नातेव्यवस्थेचे चार विभाग त्यांनी त्यात पाडले. उत्तरेत मुलगी द्यायची ती दूरच्या, रक्ताचा संबंध नसलेल्या घरी. दक्षिणेत मामाशी किंवा मामाच्या, आत्याच्या मुलाशीही लग्न होते. महाराष्ट्र मध्य विभागात पडतो. इथे पुष्कळ जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची मुलगी सहसा करीत नाहीत.

नुसते शब्द पाहिले तरी हे दिसते. मराठी सून सासऱ्याला मामंजी आणि सासूला आत्याबाई म्हणते. सासू खरोखरीच आत्या असण्याचा जो काळ होता, तो या हाकेत राहून गेला आहे. आमच्या घरच्या अहिराणीत आत्याला फुई म्हणतात. हा शब्द गुजरातीतल्या फोईच्या जवळचा. मुलगी ती आंडेर, मुलगा तो आंडोर. आपण दोन्ही विभागांच्या शिवेवर राहतो, हे कोणी न सांगता आपली जीभच सांगते.

आता तो संगणकाचा प्रश्न. संगणकात माहिती साठवण्याची रूढ पद्धत तक्त्याची आहे: आडव्या ओळी, उभे रकाने. या पद्धतीचा शास्त्रशुद्ध पाया एडगर कॉड या गणितज्ञाने जून १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात घातला. दुसरी पद्धत अलीकडची, ग्राफ डेटाबेसची. तिच्यात माणूस किंवा वस्तू म्हणजे एक बिंदू आणि दोघांमधला संबंध म्हणजे एक रेघ. बिंदू आणि रेघांचे गणित जुनेच आहे. ऑयलरने १७३६ साली केनिग्सबर्गच्या सात पुलांचे कोडे त्याच रीतीने सोडवले. या नव्या पद्धतीत प्रत्येक बिंदूजवळ त्याच्या शेजाऱ्यांचे पत्ते ठेवलेले असतात. यापैकी कोणती पद्धत जलद, हा प्रश्न. मी संगणकशास्त्राची विद्यार्थिनी नाही. परंतु हे वाचताना मला वाटले की ही तर रिव्हर्सची आणि इरावतीबाईंची वंशावळ झाली. तेव्हा मी घरीच कागदावर करून पाहिले.

एका वहीत आमच्या नातलगांची यादी केली. शंभराच्या वर माणसे भरली. प्रत्येकाला क्रमांक दिला आणि त्याच्या ओळीत नाव, गाव, बापाचा क्रमांक, आईचा क्रमांक लिहिला. मग जुन्या कॅलेंडरांची पाने पाठकोरी जोडून त्यावर तीच माणसे ठिपक्यांनी मांडली आणि रेघा ओढल्या. नवे बाळ जन्मले तर वहीत एक ओळ लिहिली की काम झाले. कागदावर आधी जागा शोधा, मग दोन रेघा ओढा. म्हणजे भर घालण्यात वही पुढे. किती माणसे पिंपळनेरात राहतात हे मोजायचे तरी वहीच सोयीची, कारण बोट सरळ खाली उतरते. एखादे नाव काढून टाकायचे झाले तर कागदावर त्या ठिपक्याला लागलेल्या सगळ्या रेघा आधी खोडाव्या लागतात. संगणकाच्या ग्राफ पद्धतीतही असेच आहे. रेघा तोडल्याशिवाय बिंदू पुसता येत नाही.

खरी गंमत नाते विचारले तेव्हा आली. माझ्या आजोबांचे वडील कोण? वहीत बापाचा क्रमांक लिहिलेलाच आहे. दोन-तीन ओळी उलटल्या की उत्तर मिळते. परंतु आईच्या मामाची नातवंडे कोण, हे विचारले आणि वही अडली. आजीच्या आईबापांचे क्रमांक मिळाले. पण तेच आईबाप असलेला भाऊ कोण, हे कळायला सबंध वही वाचावी लागली. त्याची मुले शोधायला पुन्हा सबंध वही, आणि त्या प्रत्येक मुलाची मुले शोधायला पुन्हा तेच. वहीत वर चढणे सोपे, खाली उतरणे अवघड! कागदावर मात्र बोट रेघेवरून वर गेले, आडवे गेले, खाली उतरले आणि नातवंडांवर येऊन थांबले. माझ्याकडे हजार नातलग असते तर वही दहापट वाचावी लागली असती. बोटाला चालावे लागले असते तेवढेच.

वहीवर अन्याय नको म्हणून मी शेवटच्या पानांवर प्रत्येकाच्या नावापुढे त्याच्या मुलांचे क्रमांक लिहून सूची केली. लगेच वही सुधारली. मात्र तेव्हापासून एक बाळ जन्मले की तीन ठिकाणी लिहावे लागते. संगणकातही बहुधा असेच होते. सूची असली की तक्ताही झटपट उत्तर देतो. एक-दोन पावलांच्या प्रश्नाला दोन्ही पद्धतींत फारसा फरक जाणवत नाही. पावले वाढली की दरेक पावलाला सूची पुन्हा चाळावी लागते आणि तिथे ग्राफ पद्धत पुढे जाते. तिलाही पहिला बिंदू नावावरून शोधायला सूची लागतेच, आणि एखाद्या बिंदूला असंख्य रेघा लागलेल्या असल्या, जसे गावातल्या मोठ्या दुकानदाराचे सगळ्या गावाशी उधारीचे संबंध, तर तिथे तीही रेंगाळते. म्हणून अमुक पद्धत जलद असे सरसकट म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही. काय विचारणार, हे आधी सांगितले पाहिजे.

भाषेनेही ही सूची करून ठेवलेली आहे असे मला वाटते. फुई म्हणजे मी, माझा बाप, त्याची बहीण: दोन पावलांची वाट एका शब्दात बांधली. साडू, विहीण, मावसासरे, चुलत जाऊ या शब्दांत तर कितीतरी पावले दडली आहेत. हल्ली सर्वांनाच अंकल आणि आंटी म्हणतात. लक्षात ठेवायला दोनच शब्द, पण वाट त्यात राहत नाही.

ही सारी उठाठेव मी हौसेने केली असे कोणी समजू नये. जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी वंशावळ द्यावी लागते आणि वडिलांकडील रक्ताच्या नातेवाइकांचे जुने पुरावे लागतात. आमच्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयात गेले नाही. आजोबा शाळेचीही पायरी चढले नव्हते. जो शाळेत गेला नाही त्याचा शाळेतला दाखला कुठून आणायचा? खिडकीवरच्या माणसाने कागद परत केले, पुन्हा परत केले. वंशावळीत पणजोबा, त्यांचे मुलगे, मुलग्यांचे मुलगे एवढीच नावे होती. सगळ्या रेघा बापाकडून मुलाकडे. एके दिवशी फुई घरी आली होती. सहज बोलताना तिने सांगितले की तिचा एक चुलत काका लहानपणी मामाच्या गावी राहत होता आणि तिथल्या शाळेत दोन यत्ता शिकला होता. त्या गावच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात त्याचे नाव, बापाचे नाव आणि जात, सगळे मिळाले. पुढे माझे काम त्याच एका ओळीवर झाले.

त्या वंशावळीत फुईचे नाव नव्हते. ज्या मामाच्या गावी तो मुलगा वाढला, त्या मामाची बहीण, म्हणजे त्याची आई, तिचेही नाव नव्हते. पुरावा वडिलांकडचा होता, पण त्याच्यापर्यंत जाणारी वाट दोन बायकांवरून गेली आणि त्या दोघी कागदावर नव्हत्याच. ही रेघ ओढलेली नसती तर जगातला सर्वांत वेगवान संगणक तरी ती कशी शोधणार होता? इरावतीबाईंचे मोठेपण मला तेव्हा समजले. बाप आणि मुलगा यांच्याबरोबर त्यांनी नणंद-भावजय, सासू-सून, मामा-भाची या आडव्या-तिरप्या रेघांचे शास्त्र केले. मुलगी कुठून येते आणि कुठे दिली जाते, यावरून त्यांनी प्रांतांचे विभाग पाडले.

स्वतःविषयी त्यांनी ‘परिपूर्ती’ या ललित लेखात लिहिले आहे. एका सभेत त्यांची ओळख करून देताना त्या कोणाची मुलगी, कोणाची सून, कोणाची पत्नी हे सांगितले गेले. सारी मोठी माणसे, तरी काही राहून गेल्यासारखे त्यांना वाटले. मग रस्त्याने जाताना खेळणाऱ्या पोरांपैकी एकाने दुसऱ्याला, ही आपल्या वर्गातल्या अमक्याची आई, असे सांगितले आणि त्यांना ओळख पुरी झाली असे वाटले. लेख वाचायला गोड आहे. परंतु ज्या बाईने बर्लिनमध्ये गुरूला खोटे ठरवले, तिची ओळख तिच्या कामावरून का पुरी होऊ नये, असे मला वाटते. कदाचित त्यात त्यांची थट्टाही असेल. तशा त्या मिस्कील होत्या. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या बाई म्हणून लोक त्यांच्याकडे वळून पाहत आणि घरात त्या नवऱ्याला चक्क नावाने हाक मारीत.

पुढे त्यांनी नात्याबाहेरच्या रेघाही पाहिल्या. पंढरीच्या वारीत त्या पायी चालल्या आणि एकाच वाटेने एकच नाम घेत चालणाऱ्या दिंडीत जेवणाच्या पंक्ती मात्र जातीजातींनी वेगळ्या बसतात, हे त्यांना डाचले. चालण्याची रेघ होती, अन्नाची नव्हती. यशवंत दामले यांच्याबरोबर १९६३ साली त्यांनी खेड्यातील समूहसंबंधांवर ग्रंथ लिहिला. कोण कोणाला अडीनडीला मदत करतो, कोण कोणाकडे जेवतो, असे साधे प्रश्न घरोघर विचारून तो केलेला आहे. गावात शेजारी राहूनही माणसांचे व्यवहार बरेचसे नात्याच्या आणि जातीच्या आतच फिरतात, असे त्यात दिसून आले.

११ ऑगस्ट १९७० रोजी इरावतीबाई निवर्तल्या. कॉडचा तो तक्त्यांचा लेख त्याच वर्षी, दोनच महिने आधी आला होता. दोघांना एकमेकांची गंधवार्ताही नसणार. त्याच वर्षी हेमलता आचार्य यांच्यासह केलेला त्यांचा आठवडे बाजारावरचा ग्रंथ निघाला. आदिवासी, खेडूत आणि शहरी माणसे बाजारात कशी एकत्र येतात याचा तो अभ्यास आहे. पिंपळनेरच्या बाजारात डोंगराकडून आलेल्या एका म्हातारीकडे मी मिरच्या घ्यायला थांबले होते. तिने आधी विचारले, मी कोणाची आंडेर. मग आईचे माहेर विचारले. मग आईच्या आईचे. तिसऱ्या उत्तराला तिने मान हलवली आणि मिरच्या तोलून होईपर्यंत मी तिची नात लागत होते.